अमाल्फीला जाताय? मग हे गाव असं बघा

टूरवाले इटलीतल्या अमाल्फीला जेमतेम दीड-दोन तास देतात, फोटो काढा, लिंबाचं आईस्क्रीम खा, चला बसा गाडीत. प्लीज असं करू नका, अख्खा दिवस द्या. आज एवढंसं दिसणारं हे गाव हजार वर्षांपूर्वी इजिप्त आणि कॉन्स्टँटिनोपलशी (आजचं इस्तंबूल) थेट व्यापार करायचं, स्वतःचं सोन्याचं नाणं पाडायचं.

पहिलं म्हणजे समुद्रातूनच या. नेपल्सहून ट्रेनने सालेर्नो, स्टेशनातून बाहेर पडून सरळ समुद्राकडे चालत गेलात की धक्का, तिथून फेरीने साधारण 35 मिनिटं. डोंगर अंगावर येतो आणि मागे शेतीला जागाच नाही हे दिसतं, मग लोक दर्यावर्दी का झाले ते वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात फेरी नसते तेव्हा बस, तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानातून घ्या आणि डावीकडची खिडकी पकडा. रस्ता म्हणजे नुसता घाट आहे, गाडी लागत असेल तर गोळी घेऊनच बसा.

उतरल्यावर आधी आर्सेनाले, म्हणजे जुनी जहाजं बांधायची जागा. दगडी कमानींची ही लांब दालनं पुढे एकदम तुटल्यासारखी वाटतात, कारण बाकीचा भाग समुद्राने नेला. 1135 आणि 1137 मध्ये पिसा या इटलीतल्याच दुसऱ्या बंदराच्या लोकांनी गाव लुटलं, 1343 च्या तुफानात बंदरच गेलं.

मग कॅथेड्रलच्या 62 पायऱ्या. खांदे झाकलेले असू द्या. वर गेल्यावर घाईघाईत आत शिरू नका, ब्राँझच्या दारापाशी थांबा, ते 11 व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला ओतवून जहाजाने आणलंय, मधल्या संतांच्या आकृत्यांवरचं चांदीचं काम जवळून बघा.

दुपारी मेन रोडने वर चढत कागदाच्या म्युझियमला जा, पायाखालून कान्नेतो ओढा वाहतोय, रस्ता त्याच्यावरच बांधलाय. याच पाण्यावर लाकडी हातोडे चालायचे, ते चिंध्या कुटून लगदा करायचे, ही विद्या अरबांकडून आलेली. 1231 मध्ये इथे राज्य करणाऱ्या सम्राट फ्रेडरिकने सरकारी दस्तांना कागद वापरायला बंदी घातली तरी धंदा टिकला! एक कागद विकत घ्या आणि उजेडात धरून वॉटरमार्क बघा, मला तर तो खाली ठेववेना.

संध्याकाळी चालत दहा मिनिटांवर शेजारचं अत्रानी गाव, तिथे गर्दी कमी आणि किनारा शांत. फक्त परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच धक्क्यावर विचारून ठेवा.