आर गप्प बसतं तेव्हा चूक कशी शोधायची

गोऱ्हे बुद्रुक हे नाव दोन्ही फायलींत होतं. एका फायलीत गरोदर मातांच्या हिमोग्लोबिनच्या नोंदी, दुसरीत गावांची लोकसंख्या. मी दोन्ही तक्ते गावाच्या नावावर जोडले आणि २१४ गावांपैकी १९७ उरली. आर (R) या आकडेमोडीच्या संगणकभाषेने ना लाल अक्षरं दाखवली, ना सूचना दिली. गळालेल्या सतरा गावांत गोऱ्हे होतं, चऱ्होली होतं, कोऱ्हाळे होतं. स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासलं, तर दोन्हीकडे सारखंच दिसत होतं.

गेली अकरा वर्षं मी पुण्यात आरोग्य सर्वेक्षणांची आकडेमोड करते, आणि नव्याने आर शिकणारी मुलं माझ्याकडे अडचणी घेऊन येतात. त्यांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

लाल अक्षरं आली तर

हा भाग तुलनेने सोपा, म्हणून आधी उरकून घेऊ. दहा चुका एकदम दिसल्या तर सगळ्यात वरची वाचा. पुढच्या नऊ बहुतेक वेळा तिच्याच पोटातून आलेल्या असतात. 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' आलं तर नावातलं लहान-मोठं अक्षर बघा, आणि ती वस्तू बनवणारी ओळ खरंच रन केली होती का ते बघा. चूक एखाद्या फंक्शनच्या आत कुठेतरी असेल तर लगेच 'ट्रेसबॅक' रन करा. कुणी कुणाला बोलावलं ती साखळी दिसते. स्वतः लिहिलेल्या फंक्शनमध्ये संशयित ओळीच्या आधी 'ब्राउझर' घातलं की आर तिथे थांबतं आणि त्या क्षणी प्रत्येक चलात काय आहे ते विचारता येतं. पाच ठिकाणी 'प्रिंट' पेरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सूचना, म्हणजे वॉर्निंग, मात्र कुणी वाचत नाही. कोड पुढे गेला ना, मग झालं, असं वाटतं. मी शंकेच्या कामात सुरुवातीलाच 'ऑप्शन्स'मध्ये 'वॉर्न'ची किंमत २ करते. मग प्रत्येक सूचना चूक ठरते आणि कोड तिथल्या तिथे थांबतो.

आपल्याकडच्या डेटात सगळ्यात जास्त भेटणारी सूचना म्हणजे रूपांतर करताना एनए (NA), म्हणजे 'किंमत नाही' अशी खूण, तयार झाल्याची. मजकुराचा रकाना 'अ‍ॅज डॉट न्यूमरिक'ने आकड्यात बदलताना ती येते. कारणं ठरलेली असतात. कुणीतरी १,२५,००० असा स्वल्पविराम घालून आकडा लिहिलेला असतो. कुणी 'नोंद नाही' असं लिहिलेलं असतं. आणि मराठी फॉर्मांत देवनागरी अंक असतात: १२५ हा आपल्याला आकडा दिसतो, आरला ती तीन अक्षरं दिसतात. अंदाज करत बसू नका. मूळ रकान्यात काहीतरी होतं आणि नव्या रकान्यात एनए झालं, अशाच ओळी गाळून काढा आणि त्यांच्या मूळ किमतींवर 'युनिक' चालवा. हजारो ओळींतून पाच-सहा वेगळे प्रकार निघतात आणि प्रत्येकाचं काय करायचं ते दिसतं. स्वल्पविराम 'जीसब'ने काढा. देवनागरी अंक 'चार-टीआर' या आज्ञेने इंग्रजी अंकांत बदला. शून्य ते नऊ एका बाजूला, शून्य ते नऊ दुसऱ्या बाजूला, एका ओळीचं काम आहे.

काहीच आलं नाही तर

खरी काळजी इथे घ्यायची. उत्तर येतं, तक्ता छापला जातो, अहवाल पुढे जातो.

गोऱ्हेकडे परत येते. दिसायला सारखी पण आरच्या मते वेगळी अशी दोन नावं असतील तर डोळ्यांवर विसंबू नका, दोघांवर 'एनकॅर' चालवा. माझ्याकडे एका गोऱ्हेची लांबी ६ आली, दुसऱ्याची ७. मग 'यूटीएफ८ टू इंट' चालवलं. ही आज्ञा प्रत्येक अक्षरचिन्हाचा युनिकोड क्रमांक सांगते. पहिल्या नावात मधे २३५३, २३८१ होते: ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात २३५२, २३८१, ८२०५: साधा र, हलन्त, आणि एक अदृश्य जोडचिन्ह. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, कीबोर्डनुसार. पडद्यावर दोन्ही तसेच दिसतात. गळालेल्या सतरा गावांपैकी अकरा या एका अक्षरापायी गळाली होती.

इथे एक घाई टाळा. अदृश्य चिन्ह आहे ना, मग उडवून टाकू, असं पहिल्यांदा सुचतं. तसं केलं तर साधा र आणि हलन्त उरतो आणि ह वर रफार चढतो, म्हणजे तिसरंच नाव तयार होतं. तीन क्रमांकांचा पूर्ण गट शोधून त्याच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. 'स्ट्रिंगआय' पॅकेजमधलं युनिकोड प्रमाणीकरण मी नेहमी चालवते, पण ते या दोन रूपांना एक करत नाही. हे काम हातानेच करावं लागतं. 'ॲ' आणि 'अॅ' यांचंही तेच, एक चिन्ह की दोन असा फरक असतो.

उरलेल्या सहापैकी चार गावांच्या शेवटी स्पेस होती. 'ट्रिमडब्ल्यूएस'ने ती जायला हवी होती, गेली नाही, कारण ती साधी स्पेस नव्हती. क्रमांक १६० निघाला, म्हणजे न तुटणारी स्पेस, वेबपेज किंवा वर्डमधून कॉपी करताना येते ती. 'ट्रिमडब्ल्यूएस' सांगितल्याशिवाय तिला हात लावत नाही. शेवटच्या दोन गावांत एकीकडे 'खुर्द' आणि दुसरीकडे 'खु.' होतं, एवढंच.

यानंतर मी गावाच्या नावावर तक्ते जोडणं सोडलं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे. तो रकाना सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्येच घालून घेते. तुमच्या हातात फॉर्म बनवणं असेल तर हे आधीच करा. नसेल तर प्रत्येक जोडणीच्या आधी आणि नंतर 'एनरो', म्हणजे ओळींची संख्या, बघा, आणि 'अँटी-जॉइन' दोन्ही दिशांनी चालवा, म्हणजे इकडची कोणती ओळ तिकडे नाही आणि तिकडची कोणती इकडे नाही ते कळतं. ओळी वाढल्या असतील तर तेही तितकंच वाईट: वेगवेगळ्या तालुक्यांत एकाच नावाची दोन गावं असली की ओळी दुपटीने, चौपटीने जुळतात. 'स्टॉप-इफ-नॉट' घालून अपेक्षित संख्या कोडमध्येच लिहून ठेवा. २१४ नसतील तर पुढे जायचंच नाही.

दुसरा गप्प प्रकार मोजणीतला. समजा ६० माता आहेत, १९ जणींचं हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी आहे आणि सात जणींचं मोजलंच गेलं नाही. चौकटी कंसात '११ पेक्षा कमी' अशी अट घालून ओळी काढल्या आणि 'एनरो' विचारलं तर उत्तर येतं २६. एनए ११ पेक्षा कमी आहे का, याचं उत्तर 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही, तेसुद्धा एनए. आणि अट एनए असली की आर तिथे एनएने भरलेली एक ओळ देतं. सात न तपासलेल्या बायका अशा रक्तक्षयाच्या आकड्यात जाऊन बसतात. अट 'विच'च्या आत घाला किंवा 'सबसेट' वापरा, आणि मोजमाप न झालेल्यांचा आकडा वेगळा छापा. तो आकडा लपवू नका, तोही निष्कर्षच आहे.

तिसरा प्रकार जुन्या कोडमध्ये अजून सापडतो. २०२० साली आलेल्या ४.०.० आवृत्तीच्या आधी आर मजकुराचा रकाना वाचताना आपणहून त्याचा फॅक्टर करायचं, म्हणजे प्रत्येक वेगळ्या किमतीला एक गट मानून क्रमांक द्यायचं. समजा रकान्यात ९.८, १०.४, ११.२ आणि एक 'नोंद नाही' आहे. त्या एका नोंदीमुळे पूर्ण रकाना मजकूर, आणि मजकूर म्हणून फॅक्टर. फॅक्टरवर थेट 'अ‍ॅज डॉट न्यूमरिक' चालवलं की आकडे मिळत नाहीत, क्रमवारीतले नंबर मिळतात. मजकुराच्या क्रमवारीत १०.४ पहिला, ११.२ दुसरा, ९.८ तिसरा. म्हणजे सगळ्यात कमी हिमोग्लोबिन असलेल्या बाईला ३ मिळतो आणि तिच्यापेक्षा बऱ्या असलेल्या दोघींना १ आणि २. सरासरीही निघते, आलेखही निघतो. आधी 'अ‍ॅज डॉट कॅरेक्टर', मग 'अ‍ॅज डॉट न्यूमरिक', हाच क्रम. आणि फाइल वाचल्यावर पहिली आज्ञा 'एसटीआर': कोणता रकाना कोणत्या प्रकारचा आहे ते बघितल्याशिवाय पुढचं काही करू नका.

याच्या उलट चूक मॉडेलमध्ये होते. तालुक्यांना १ ते ७ संकेतांक दिलेले असतात आणि 'एलएम'मध्ये, म्हणजे रेषीय मॉडेलच्या आज्ञेत, ते तसेच जातात. आर त्यांना आकडा समजतं आणि सात तालुक्यांसाठी एकच सहगुणक देतं. एक तालुका तुलनेसाठी धरून सहा यायला हवे होते. इथे 'फॅक्टर' करणं गरजेचं.

गटवार सरासरी मागितली आणि सगळ्यांची मिळून एकच ओळ आली, तर 'प्लायर' आणि 'डीप्लायर' ही दोन्ही पॅकेजेस लोड केलीत का बघा. दोन्हींत 'समराइज' नावाचं फंक्शन आहे. 'प्लायर' नंतर लोड झालं तर त्याचं फंक्शन पुढे येतं आणि गटांकडे दुर्लक्ष करतं. लोड होताना आर 'मास्क्ड' म्हणून सांगतं, ते वाचायची सवय लावा. कोडमध्ये पॅकेजचं नाव, दोनदा कोलन (::) आणि मग फंक्शन असं लिहिलं तर प्रश्नच मिटतो.

एक्सेलचा आणि आरचा आकडा शेवटच्या घरात जुळत नाही, अशी तक्रारही नेहमीची. २.५ ची पूर्णांक किंमत एक्सेल ३ देतं, आर २ देतं. आर नेमका अर्धा आला की सम संख्येकडे जातं. ही चूक नाही, प्रमाणपद्धतीच तशी आहे. अहवालात मात्र कोणती पद्धत वापरली ते लिहा.

कारण सापडतच नसेल तर

आधी आर रीस्टार्ट करा. आरस्टुडिओत कंट्रोल, शिफ्ट, एफ१०. गेल्या आठवड्यात बनवलेली जुनी वस्तू मेमरीत पडून असते आणि कोड तिच्यावर चालतो. सेटिंगमध्ये जाऊन, सुरू होताना जुनी वर्कस्पेस परत आणायचा पर्याय बंदच करून टाका. कोऱ्या सेशनमध्ये पहिल्या ओळीपासून कोड चालला पाहिजे.

मग निम्मं करत जा. चाळीस ओळींच्या कोडमध्ये विसाव्या ओळीनंतर तक्ता बरोबर आहे का? असेल तर चूक पुढच्या विसात. डेटाचंही तसंच: निम्म्या ओळींवर चालवा, मग त्यांच्या निम्म्यांवर. बहुतेक वेळा पाच ओळी आणि दोन रकाने उरतात, आणि तोपर्यंत कारण दिसलेलं असतं. नाही दिसलं तर त्याच पाच ओळी 'डीपुट'ने मजकुरात काढा, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते लिहा, 'सेशन इन्फो' जोडा, आणि मग एखाद्या जाणकाराला विचारा. स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यातून कोड चालवता येत नाही. बायकांची नावं, फोन नंबर, गावं आधी काढून टाका. खोटी नावं घातली तरी चूक बहुतेक वेळा तशीच राहते.

कधीकधी चूक खरंच आरचीच असते. मोठ्या समूहातून नमुना निवडताना 'सँपल'ची जुनी पद्धत सगळ्यांना समान संधी देत नव्हती. २०१९ मध्ये ३.६.० आवृत्तीत ती बदलली. त्यामुळे निवड पुन्हा तशीच यावी म्हणून 'सेट डॉट सीड'मध्ये तोच आकडा घालूनही जुन्या लॅपटॉपवर निवडलेली घरं आणि नव्यावर निवडलेली घरं वेगळी निघतात. जुना नमुना पुन्हा तसाच काढायचा असेल तर 'सीड'च्या आधी 'आरएनजी काइंड'मध्ये 'सँपल काइंड'ला 'राउंडिंग' द्या. आर त्यावर सूचना देईल, ती अपेक्षितच आहे. नवीन नमुना काढताना मात्र ही ओळ घालू नका, आणि आवृत्तीचा क्रमांक नमुन्याच्या यादीवरच लिहून ठेवा.