एच. पायलोरी: कोर्स संपला, जंतू गेला का?

एच. पायलोरी या जठरातल्या जंतूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मन थेट कॅन्सरपर्यंत धावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या जंतूला कर्करोगकारक ठरवलं, हे खरं. पण लागण झालेल्या बहुतेकांना जठराचा कॅन्सर कधीच होत नाही, आणि जंतू गेला की धोका आणखी घटतो.

अँटिबायोटिकचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला, तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. कोर्समध्ये बिस्मथ हे औषध असेल, तर त्यामुळे शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू बंद.

खरी गफलत नंतरच्या तपासणीत होते. रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, जंतू गेल्यावरही बरेच महिने पॉझिटिव्ह दिसते. त्यावर खर्च नको. श्वासाची युरिया चाचणी किंवा मलाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) चाचणी करा, तीही अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी. पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चाचणीआधी २ आठवडे डॉक्टरांना विचारून थांबवा, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. विनाकारण वजन घटणं, घास अडकणं यासाठी लवकर दाखवा. रक्ताची उलटी किंवा बिस्मथ चालू नसताना डांबरासारखं शौच झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.