गोलघुमट कसा पाहावा

विजापूरला जाणारे बहुतेक प्रवासी गोलघुमटात शिरतात, जिने चढतात, वरच्या सज्ज्यात उभे राहून मनसोक्त आरोळ्या ठोकतात आणि खाली उतरतात. प्रतिध्वनी ऐकण्यात गैर काही नाही, परंतु तो या वास्तूचा हेतू नव्हे. येथे पाहण्याजोगी गोष्ट आहे ती चौकोनी दालनावर एवढा प्रचंड घुमट एकाही खांबाच्या आधाराशिवाय कसा पेलला गेला ही. ती वर चढल्यावर नीट दिसत नाही, म्हणून पाहण्याचा क्रम ठरवूनच आत जावे.

सोलापूरहून विजापूर (आजचे अधिकृत नाव विजयपुर) सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. शक्यतो पहाटे निघून सकाळी प्रवेश सुरू होताच पोहोचावे, कारण शाळांच्या सहली आल्या की सज्ज्यातली कुजबुज ऐकू येण्याची आशा सोडावी लागते.

आवारात शिरल्यावर प्रथम नगारखाना लागतो. त्यात आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. ते परतीच्या वाटेवर पाहावे आणि नगारखान्याच्या पलीकडे थांबून संपूर्ण इमारत नजरेत घ्यावी. रचना अगदी सरळ आहे: एक अवाढव्य घन, त्यावर अर्धगोल आणि चार कोपऱ्यांना सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे. भिंतींच्या माथ्याशी खूप पुढे आलेला दगडी छज्जा आहे, तर घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्यांचा कठडा आहे. एवढे सोडले तर बाहेरून अलंकरण बेताचेच आहे.

हा मकबरा मोहंमद आदिलशहाचा. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६ अशी होती. निजामशाही बुडाल्यानंतर १६३६ मध्ये शहाजीराजे भोसले चाकरीस गेले ते याच बादशहाच्या, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके नाही. दक्षिणेकडच्या दरवाजावरील फारसी लेख अवश्य पाहावेत. त्यातील वाक्ये अशी रचलेली आहेत की, अक्षरांची अंकमूल्ये मिळवली असता १०६७ हे हिजरी वर्ष, म्हणजेच १६५६ हे बादशहाच्या मृत्यूचे साल निघते.

आत गेल्यावर लगेच जिन्याकडे वळू नये. दालन आतून प्रत्येक बाजूस सुमारे १३५ फूट आहे. मध्यभागी चौथरा असून त्यावर लाकडी छत्रीखाली बादशहा, त्याच्या दोन बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची त्याची मर्जीतली नर्तकी यांच्या कबरींच्या प्रतिकृती आहेत. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत. चौथऱ्याच्या बाजूला उभे राहून वर पाहावे आणि प्रत्येक भिंतीवर दोन याप्रमाणे आठ बिंदू मनात धरावेत. एक सोडून एक बिंदू जोडत गेल्यास एकमेकांत तिरपे गुंतलेले दोन चौकोन तयार होतात, आणि या चौकोनांच्या आठ बाजू म्हणजेच वर दिसणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी. हे डोळ्यांपुढे येत नसेल तर वहीच्या पानावर काढून पाहावे. दोन मिनिटांत उलगडा होतो.

जमिनीपासून सुमारे ५७ फुटांवर या कमानींमुळे दालन आत झुकू लागते आणि वर ९७ फूट व्यासाचे वर्तुळ उरते. खरी खुबी यापुढेच आहे. घुमट या वर्तुळाच्या काठावर ठेवलेला नसून तो आतून १२४ फूट व्यासाचा आहे, म्हणजे काठापासून चांगला मागे सरकून बसवला आहे. कोणताही घुमट आपल्या वजनाने पायथा बाहेर रेटत असतो. येथे आत झुकलेल्या बांधकामाचे वजन त्या रेट्याला उलट दिशेने आवर घालते. मागे उरलेली रुंद जागा म्हणजेच तो प्रसिद्ध सज्जा. थोडक्यात, सज्जा आवाजाच्या गमतीसाठी केलेला नाही, तो भार तोलण्याच्या युक्तीतून आपोआप मिळाला आहे.

हा घुमट आकाराने जगात दुसरा असे अनेकदा ऐकू येते. व्यासाच्या बाबतीत रोमचे प्राचीन मंदिर पँथिऑन, व्हॅटिकनचे सेंट पीटर्स चर्च आणि इटलीतल्याच फ्लॉरेन्सचे कॅथीड्रल या तिन्हींचे घुमट त्याहून मोठे आहेत. मात्र एका घुमटाखाली झाकलेली जागा मोजली, तर गोलघुमटाचे १८ हजारांहून अधिक चौरस फूट पँथिऑनच्या सुमारे १५,८०० चौरस फुटांपेक्षा जास्त भरतात. अभिमान बाळगायचा तर या आकड्याचा बाळगावा.

यानंतर मनोऱ्यातील जिन्याने वर जावे. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, म्हणून प्रत्येक मजल्यावरील कमानीपाशी थांबत चढावे. गच्चीवरून सज्ज्यात शिरताना घुमटाची सुमारे १० फूट जाडी प्रत्यक्ष पार करावी लागते; विटा आणि चुन्याचे हे कवच किती भक्कम आहे ते तेथे कळते. आत गेल्यावर सोबत्याला समोरच्या बाजूस पाठवावे आणि भिंतीकडे तोंड करून हलकेच बोलावे. आवाज वळणदार भिंतीला धरून सरकत जातो, म्हणून समोरच्यानेही कान भिंतीजवळ ठेवणे आवश्यक आहे. टाळी मात्र एकच वाजवावी. आवाजाला समोर जाऊन परतायला सेकंदाचा जवळपास पाव भाग लागतो, त्यामुळे लागोपाठचे प्रतिध्वनी सुटे सुटे ऐकू येतात. गोंगाटात तेच एकमेकांत मिसळून नुसता कल्लोळ होतो.

दुपारनंतरचा वेळ शहराच्या पश्चिमेकडील इब्राहिम रोजासाठी राखावा. मोहंमदच्या वडिलांचा हा मकबरा आकाराने लहान, पण दगडी जाळ्या आणि कोरीव लेखांनी खच्चून भरलेला आहे. हा क्रम उलटा करू नये. रोजा आधी पाहिला तर तिथल्या कोरीवकामाला सरावलेल्या नजरेला गोलघुमटाच्या भिंती उगाचच ओक्याबोक्या वाटतात, आणि त्या आठ कमानींकडे पाहण्याचा उत्साहही राहत नाही.