पेट्रोलचा वास आला आणि चावी फिरवलीच नाही

आमची १९७३ची फोक्सवॅगन कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) आम्ही इथे इंग्लंडमध्ये दर उन्हाळ्यात बाहेर काढतो. यंदा मागचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा उग्र वास. इंजिन तिथेच मागे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की भडका उडायला वेळ लागत नाही.

टॉर्च घेऊन पाइप चाचपले. सुती विणीचं आवरण वरून धडधाकट, पण टोकाशी जरा वाकवताच रबराला भेगा दिसल्या आणि बोट ओलं झालं. २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही.

बॅटरीची वायर काढली, टाकीकडचा पाइप चिमट्याने दाबून धरला आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप बदलले. एकच तुकडा बदलून थांबू नका, बाकीचेही त्याच वयाचे असतात! नवे पाइप इथेनॉल सोसणारे, आर९ दर्जाचे घेतले. क्लिपाही नव्या. पत्र्यातून पाइप जातो त्या भोकाला रबरी कडं आठवणीने बसवलं, नाहीतर पत्र्याची कड पाइपाला कापत राहते.

मग इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाला कागदी रुमाल लावून पाहिला. कोरडा! पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन निघतोय.