आल्प्समध्ये सायकल टूर: सोलापूरहून निघण्याआधी या चुका टाळा

मार्च लागला की फोन सुरू होतात. "दादा, जुलैला स्वित्झर्लंडला चाललोय, सायकल टूर करायची, रोज १२० किलोमीटर धरलेत, बरोबर आहे ना?" बरोबर नाही. हे १२० कुठून आले विचारलं की उत्तर ठरलेलं, सोलापूर-पंढरपूर तीन तासात मारतो की ओ. मारता, मान्य आहे, पण तो सपाट रस्ता आहे. आल्प्सच्या घाटात किलोमीटर मोजून काही हाती लागत नाही, तिथं दिवसाला किती मीटर चढायचं ते मोजायचं. सामान घेऊन १००० ते १२०० मीटर चढाई झाली की माझ्या हिशोबाने दिवस भरला, मग किलोमीटर ४५ होवोत नाहीतर ६०. ज्यांनी हे ऐकलं नाही त्यांचा प्लॅन पहिल्या दोन-तीन दिवसातच मोडलेला मी बघितलाय, आणि मग उरलेली सगळी टूर राहिलेले किलोमीटर भरून काढण्यात जाते, डोंगर बघायचे राहूनच जातात.

गिअर सोलापूरचे, घाट आल्प्सचा

सायकल घेताना लोक वजन बघतात, फ्रेम कार्बनची आहे का बघतात, रंगावर अर्धा तास घालवतात, पण मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं, सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं आहे ते विचारलं तर फोनवर शोधायला लागतात. होटगी रोडला, पुणे हायवेला पुढं ५० आणि ३४ दातांची चक्रं आणि मागं ११ ते २८ दातांची असली की मस्त चालतं, त्यामुळं कुणाला कधी प्रश्नच पडत नाही.

आता स्वित्झर्लंडमधला फुर्का घाट घ्या. आंडरमाटच्या बाजूने रिआल्प गाव साधारण १५३८ मीटरवर, आणि खिंड २४२९ मीटरवर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरमध्ये जवळपास ९०० मीटर, सरासरी चढ सात टक्क्यांच्या आसपास. माणूस, सायकल, पॅनिअर (कॅरिअरला लावायच्या सामानाच्या पिशव्या) मिळून ११० किलो धरा, अशा वजनाने आपल्यातले बहुतेक जण तिथं ताशी ६ किलोमीटरच्या पुढं जात नाहीत. पुढं ३४ आणि मागं २८ दातांवर ताशी ६ म्हणजे पाय मिनिटाला जेमतेम ४० फेऱ्या मारतात, ते पण दोन तास, निम्मा वेळ उभं राहून, सगळा जोर गुडघ्यावर. तेच पुढं २२ आणि मागं ३४ असेल तर त्याच वेगाला ७०-७५ फेऱ्या बसतात. वेग तोच, घाट तोच, पण दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसावं लागत नाही.

मी अजूनही पुढं तीन चक्रांचा जुना एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाईकचा, क्रँक वापरतो, २२-३२-४४. दिसायला भारी नाही, दुकानात गेलो की पोरं आजकालच्या नव्या सेटबद्दल सांगायला लागतात, मी ऐकून घेतो आणि तोच ठेवतो. तुम्ही काहीही बसवा पण पुढचं लहान चक्र मागच्या मोठ्यापेक्षा दातांनी बरंच कमी असू द्या. आणि नुसती मोठी कॅसेट आणून बसवू नका, मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दात पेलणारा, लांब केजचा लागतो आणि चेन पण लांब लागते. नाहीतर चेन पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर पडली की चेन ताणून डिरेल्युअर तुटतो, आणि हे भर चढावरच होतं.

सराव कुठं करायचा, तर तुळजापूरच्या घाटात, पण एकदा चढून देवीचं दर्शन घेऊन परत आलो याला सराव म्हणत नाही. तो घाट सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. पॅनिअरमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून तोच घाट पुन्हा पुन्हा चढा-उतरा. आणि टूरच्या आधी एकदा तरी पोलादपूरला जाऊन आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठा, सलग बाराशे मीटरच्या वर चढाई होते, आल्प्सची खरी तालीम आपल्याकडं हीच. पावसाळ्यात मात्र नको, तिथं दरडी कोसळतात. "वेळ नाही हो दादा, तिथं जाऊनच फिट होऊ" म्हणणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं असतं, एक वर्ष थांबा. घाट कुठं पळून जात नाही.

उतारावर ब्रेक दाबून धरणं

चढाची भीती सगळ्यांना असते, उताराची कुणालाच नसते, आणि लोक पडतात ते उतारावर.

आमच्यातले एक जण, वयाने माझ्याहून मोठे, आम्ही अण्णा म्हणायचो. चढाला एकदम दमदार माणूस, फुर्का आमच्या आधी चढून वर वाट बघत थांबलेले. खिंडीवरून पलीकडच्या ग्लेच गावापर्यंत पावणेसातशे मीटर उतार आहे, वळणावळणाचा, मधल्या एका वळणावर ते बंद पडलेलं बेल्वेडेअर हॉटेल लागतं. अण्णांच्या सायकलला रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यालाच घासणारे, मागं दोन भरलेले पॅनिअर, आणि मागचा ब्रेक वरून खालपर्यंत दाबलेला. मी मागून ओरडलो, "अण्णा, अधनंमधनं सोडा की ब्रेक!" तर म्हणाले, "काय होत नाही रे, हळूच चाललोय की." हॉटेलच्या खाली आलो तसा जळक्या रबराचा वास यायला लागला, मी परत हाक मारली, आणि पुढच्याच वळणातून बाहेर पडताना बंदुकीसारखा आवाज झाला. मागची ट्यूब फुटली, टायर रिमवरून निम्मा बाहेर, सायकल आडवी घसरत गेली. कोपर सोललं, खांदा दुखावला, समोरून गाडी नव्हती म्हणून तेवढ्यावर निभावलं. रिमवर बाटलीतलं पाणी ओतलं तर चर्र आवाज करत वाफ निघाली. ट्यूब काढून बघितली तर भोक बाहेरच्या बाजूला नव्हतंच, आतल्या बाजूला होतं. प्लास्टिकची रिम टेप (रिमच्या आतली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) उष्णतेनं मऊ पडून स्पोकच्या भोकात बसलेली आणि तिच्यामागं ट्यूब.

हळू चाललोय म्हणजे सुरक्षित आहे, हा समजच चुकीचा आहे. ११० किलो वजन पावणेसातशे मीटर खाली आणायचं म्हणजे जवळपास दोन लिटर पाणी उकळायला लागते तेवढी उष्णता कुठंतरी जायला पाहिजे. वेगात असलं की त्यातला बराच भाग वारा घेतो. सतत ब्रेक धरून २०-२५ ने उतरलं तर वारा फारसं काही घेत नाही, सगळं त्या एका रिमवर येतं, आणि रिमला गार व्हायला क्षणभरही सवड मिळत नाही.

माझी सवय अशी: सरळ रस्त्यावर सायकल पळू द्यायची, अंग ताठ ठेवून छातीवर वारा घ्यायचा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दोन-तीन सेकंद, वळणात शिरताना सोडून द्यायचे. दर तीन-चार किलोमीटरला बाजूला थांबायचं आणि रिमजवळ हाताचा मागचा भाग न्यायचा. जवळ नेतानाच धग लागली तर दहा मिनिटं बसा, तिथून दिसतं ते बघा, घाई कसली आहे. रिम टेप कापडीच लावा. डिस्क ब्रेकवाल्यांनी पण निर्धास्त राहू नये, पॅड तापून गुळगुळीत होतात, लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि सायकल थांबत नाही. लांब उतारासाठी धातूमिश्रित पॅड बरे, आणि एक जोडी बॅगेत जादा.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे थंडी. दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा डिग्री तापमान उतरतं. घामाने भिजलेल्या जर्सीवर तसंच उतारावर सुटलात की पाच मिनिटात बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. वर पोचल्या पोचल्या, फोटोच्या आधी, कोरडा बनियन, जॅकेट, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज. मे महिन्यात ४२ डिग्रीत सराव करून जाणाऱ्या आपल्या लोकांना हे सामान फालतू वाटतं, म्हणून मी निघायच्या आधी स्वतः बॅग उघडून बघतो.

बाकीच्या चुका

दुपारी दरीत वारा. ग्लेचहून ऱ्होन नदीच्या कडेनं खाली ब्रिग, मार्टिनीकडं जाताना लोक म्हणतात आता नुसता उतार, आरामात जाऊ. ऊन चढलं की डोंगर तापतात, हवा वर उठते आणि खालून दरीत वारा वर चढतो, म्हणजे नेमका तुमच्या तोंडावर. सकाळी सहाला निघा, दुपारपर्यंत मुक्काम गाठा. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस पण येतो, त्यामुळं खिंड तर दुपारच्या आतच ओलांडायची.

खिंड उघडी आहे का न बघता निघणं. फुर्का आणि शेजारचा ग्रिमसेल हे घाट साधारण जून ते ऑक्टोबर उघडे, पण जुलै-ऑगस्टमध्येही बर्फ पडू शकतो. बंद असेल तर हट्ट नको, रिआल्प ते ओबरवाल्ड बोगद्यातून ट्रेन जाते, सायकलचं तिकीट काढा आणि बसा.

गोटहार्ड खिंडीच्या जुन्या त्रेमोला रस्त्याला बारीक टायर नेऊ नका, तो दगडी फरसबंदीचा आहे. मी ३५ मिमीच्या खाली जात नाही.

विमानाच्या बॉक्समध्ये मागचा डिरेल्युअर काढून न ठेवणं. हँगर, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो. जादा हँगर इथूनच न्या, तुमच्याच फ्रेमचा तिथं मिळेल याची खात्री नाही.

रविवारी स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच खायचं घेऊन ठेवा. मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेतो, दोन्ही टिकतात आणि चढावर पोटाला आधार होतो. तूप, पेढे, मांसाचं काही नेऊ नका, भारतातून तिथं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

बोगदे आणि गॅलरीत (रस्त्यावर छत बांधलेला भाग) लाईट लावल्याशिवाय शिरू नका, भर दुपारीसुद्धा. मागचा लाल लाईट आदल्या रात्रीच चार्जिंगला लावा.