गोतावळ्यासह नाशिकचे डोंगर आणि जेवणे: आखणी कशी करावी

वीस-पंचवीस नातेवाईक दोन दिवसांसाठी नाशिकात जमणार असतील, तर डोंगर ठरवताना महाविद्यालयात जाणाऱ्या भाच्याच्या उत्साहापेक्षा आजीच्या गुडघ्यांचा विचार आधी करावा. ज्याच्या वाटेवर मध्येच थांबले तरी सहल अपुरी वाटत नाही, असाच डोंगर अशा मेळाव्याला मानवतो. या कसोटीवर हरिहर बाद ठरतो. त्याच्या उभ्या, कातळात कोरलेल्या पायऱ्या कितीही प्रसिद्ध असल्या, तरी सुट्टीच्या दिवशी तेथे चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर येतात, आणि लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत अडकणे धोक्याचे आहे.

पहिल्या दिवशी पाहुणे वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, त्यामुळे त्या दिवशी पांडवलेणी पुरेशी होते. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या टेकडीवर पायऱ्यांनी थोडे चढले की २४ लेण्यांचा समूह लागतो. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख मुलांना अवश्य दाखवावा, कारण आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्राचा, पराक्रम आईने कोरून ठेवला आहे, हे सांगितले की तीही क्षणभर थांबतात.

दुसऱ्या दिवसाचा मुख्य डोंगर म्हणून अंजनेरी घ्यावा. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या या डोंगराची उंची सुमारे ४,२०० फूट आहे. पायऱ्यांची वाट चढून पठारावर आले की अंजनीमातेचे मंदिर आणि तळे लागते. येथे काका-काकूंनी सावली पाहून बसावे, आणि ज्यांच्या पायांत बळ उरले असेल त्यांनी पुढचा, वरच्या मंदिरापर्यंतचा चढ चढावा. कोण कोठे थांबणार आणि किती वाजता परतणार, हे खालीच ठरवावे, कारण वर गेल्यावर फोन लागेलच असे गृहीत धरता येत नाही. वाटेवर माकडांचा उपद्रव असतो, म्हणून खाऊ हातात किंवा उघड्या पिशवीत न ठेवता पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावा. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, मात्र ओल्या पायऱ्यांवरून वयस्कर माणसे घसरतात. दसऱ्यानंतरचा काळ आणि थंडीचे दिवस कुटुंबासाठी अधिक योग्य आहेत.

पठारापर्यंतचा चढही कोणाला झेपणार नसेल, तर वणीच्या सप्तशृंगगडाचा पर्याय आहे. नाशिकपासून सुमारे ६० किलोमीटरवरील या गडावर नांदुरीहून घाटरस्त्याने वाहन जाते आणि तेथून मंदिरापर्यंत २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय आहे. तरुणांनी पायऱ्या चढाव्यात, बाकीच्यांनी ट्रॉलीने यावे, म्हणजे दर्शनाला सर्वांची गाठ पडते. नवरात्र आणि चैत्रातील यात्रेचे दिवस मात्र टाळावेत.

आता खाण्याकडे वळू, कारण मेळाव्यातील रुसवेफुगवे बहुधा चढावर नव्हे, तर पोट रिकामे असताना होतात. पहाटे चहा, केळी आणि थोडे दाणे-गूळ एवढ्यावर चढाई उरकावी आणि उतरल्यावर मिसळ खावी. रविवारी सकाळी मिसळ खाणे हा नाशिककरांचा जवळजवळ कुळाचार असल्याने प्रसिद्ध ठिकाणी रांग असते, शिवाय अनेक ठिकाणी दुपारनंतर मिसळ संपते. म्हणून आदल्या दिवशी फोन करून माणसांचा आकडा आणि वेळ कळवावी. गंगापूर रस्त्याच्या बाजूला मोकळे अंगण असलेली ठिकाणे मुलांच्या दृष्टीने सोयीची पडतात. रस्सा वेगळा मागवावा, म्हणजे तिखट न सोसणाऱ्या आत्याबाईंना मटकी, फरसाण आणि दही सुखाने खाता येते.

रात्रीचे जेवण खानदेशी पद्धतीचे ठरवल्यास शेवभाजी, वांग्याचे भरीत आणि भाकरी यांवर बहुतेकांचे एकमत होते. मांसाहारी मंडळींसाठी वेगळे टेबल आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळी भाजी हवी, हे जागा राखतानाच स्पष्ट सांगावे. बिलाच्या वेळी ‘मी देतो, मी देतो’ म्हणत काका आणि मामा हातघाईवर येतात, आणि त्या प्रेमळ भांडणात वेटर बिचारा ताटकळतो. त्यामुळे प्रत्येक घराकडून आधीच वर्गणी जमा करून ती एका हिशेबी सुनेच्या किंवा जावयाच्या हाती द्यावी. भाड्याच्या गाड्यांच्या चालकांचे जेवणही त्याच वर्गणीतून, आणि सर्वांसोबत त्याच वेळी व्हावे.