रेसिंग टायर घासताना या चुका टाळा: टायरआधी भुसा बघा

मातीच्या ट्रॅकवर पळून आलेला टायर गार झाला की त्याच्यावरून हात फिरवून बघा. वरचा थर गुळगुळीत, चकचकीत आणि कडक लागतो. ही साल काढून खालचं ताजं, खरखरीत रबर वर आणण्यासाठी फिरत्या मशीनला सँडिंग डिस्क लावून टायर घासायचा असतो. गोची अशी की घासतानाही रबर तापतं. हत्यार चुकलं की जुनी साल निघता निघता तिथेच नवी तयार होते, आणि टायर काळाभोर दिसतो म्हणून आपण खूश!

म्हणून आधी खाली पडणारा भुसा बघावा. तो कोरडा आणि सुटा असेल तर काम बरोबर चाललंय. त्याच्या चिकट वळ्या होत असतील, जळका वास येत असेल, तर रबर कापलं जात नाही, वितळतंय. असं झालं की मी तीन गोष्टी तपासतो.

पहिली गोष्ट ग्रिट, म्हणजे डिस्कवरच्या दाण्याचा जाडपणा; पी पुढचा आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. बारीक कागदाने काम सफाईदार होतं हा लाकूडकामातला हिशोब इथे उलटा पडतो. पी80 चा दाणा जेमतेम 0.2 मिमीचा, त्यामुळे दाण्यांमधली जागा रबराने लगेच भरते आणि डिस्क नुसती चोळत बसते. पी36 चा दाणा साधारण 0.54 मिमी, पी24 चा 0.76 मिमी. सुरुवात 24 ने करावी, शेवटचा हलका हात 36 ने. डिस्क फायबरची आणि ओपन कोट, म्हणजे दाणे विरळ असलेली हवी. लोखंड घासायचं जाड ग्राइंडिंग व्हील किंवा फ्लॅप डिस्क हातात आहे म्हणून लावू नका. सिरॅमिकच्या महागड्या डिस्कचंही मला इथे कौतुक नाही. तिचे दाणे जोराच्या दाबाखाली फुटून नवी धार देतात. मऊ रबरावर तो दाब येतच नाही. साधी अॅल्युमिनियम ऑक्साइडची डिस्क पुरते, कारण इथे डिस्क बोथट होण्याआधी बुजते.

दुसरी गोष्ट वेग, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. छोटा अँगल ग्राइंडर 11,000 आरपीएमने फिरतो. 115 मिमी डिस्कची कड तेव्हा सेकंदाला जवळपास 66 मीटर धावते. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या मोठ्या पॉलिशरवर 180 मिमीची डिस्क 3,000 आरपीएमला लावली, तर तोच आकडा 28 मीटरवर येतो आणि रबर कमी तापतं. मोठी डिस्क बसवायला छोट्या ग्राइंडरचा गार्ड काढणं हा शुद्ध आत्मघात आहे. डिस्कच्या पाठीवर छापलेली आरपीएमची मर्यादा वाचा; मोठ्या डिस्कची ती कमी असते.

तिसरी गोष्ट हात. डिस्क एका जागी टेकवून दाबू नका. टायर स्टँडवर हळू फिरता ठेवा, मशीनचं वजन पुरेसं आहे. रबरावर अर्धचंद्रासारखे खड्डे पडत असतील, तर डिस्कमागचा पॅड कडक आहे. मऊ, लवचिक पॅड बसवा. टायरमध्ये हवा शर्यतीइतकीच भरा, नाहीतर घासलेला आकार ट्रॅकवर वेगळाच निघेल. मध्येमध्ये झीज मोजायच्या भोकांची खोली बघा. चमक गेली की थांबायचं, पुढे नुसतं रबर वाया जातं.

डांबरी ट्रॅकच्या स्लिकवर, म्हणजे नक्षी नसलेल्या सपाट टायरवर, चिकटलेल्या रबराच्या गोळ्यांसाठी ग्राइंडर काढूच नका. हीट गनने ते मऊ करून स्क्रॅपरने खरवडलं की भागतं.

टायर मऊ करायचं रसायन नियमांत बसतं का, हा वेगळा प्रश्न. अनेक स्पर्धांमध्ये त्याला बंदी असते. पण ते लावलेल्या ओल्या टायरवर ग्राइंडर चालवू नका. मोटरच्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतच असतात आणि अशी बरीच रसायनं पेट घेतात. मास्क आणि बंद गॉगल डोक्यावर चढवलेले नकोत, तोंडावर हवेत. हा भुसा फार बारीक असतो, आणि हलका वारा असला तरी तो आपल्याकडेच येतो.